अठ्ठावीस षटकांची कसोटी

(एका क्रीडा व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

१९२२ सालचा उन्हाळा. ब्रिस्टलच्या मैदानावर ग्लॉस्टरशायर आणि यॉर्कशायर या दोन काउंट्यांचा सामना चालू आहे. हा चार्ली पार्करचा ‘बेनिफिट’ सामना, म्हणजे तिकीटविक्रीतून खर्च वजा जाता जे उरेल ते त्याचे. त्या काळच्या व्यावसायिक खेळाडूला आयुष्यात असा एखादाच सामना मिळे आणि त्यातून म्हातारपणाची सोय करायची असे. पाऊस पडला तर सोय वाहून गेली. पार्कर चेंडू टाकतो, त्रिफळा उडतो. पुढचा टाकतो, पुन्हा यष्ट्या कोलमडतात, पण पंचांची हाक येते, ‘नोबॉल’. तिसरा, चौथा, पाचवा, तिन्ही थेट यष्ट्यांवर. ओळीने पाच चेंडू यष्ट्यांवर आणि हिशेबात बळी चार. त्या डावात त्याने ३६ धावांत ९ जणांना बाद केले.

पार्करच्या साऱ्या कारकिर्दीत हा नोबॉल कुठेतरी दडलेला आहे. चेंडू पडायचा तिथेच पडतो, काम झालेले असते आणि हिशेब लिहिणारा म्हणतो, हे धरायचे नाही.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आजवर सर्वाधिक बळी घेणारे तिघे क्रमाने सांगायचे तर यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स, केंटचा टिच फ्रीमन आणि ग्लॉस्टरशायरचा चार्ली पार्कर. ऱ्होड्सचे चार हजारांवर, फ्रीमनचे ३,७७६ आणि पार्करचे ३,२७८. आता सामने अशा बेताने भरवले जातात की या यादीला हात लावणारा कुणी जन्माला येणे शक्य नाही. ऱ्होड्स इंग्लंडकडून ५८ कसोट्या खेळला. फ्रीमन १२ खेळला, आणि त्या फार कमी म्हणून त्याचे चाहते अजून हळहळतात. पार्कर खेळला एक.

हे असे का झाले, याची उत्तरे इंग्लंडमध्ये गेली शंभर वर्षे दिली जात आहेत. त्यातले सर्वांत चविष्ट उत्तर एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये घडते. तिथे आपण जाणारच आहोत, पण आधी मैदान.

पार्करचा जन्म १४ ऑक्टोबर १८८२ चा, चेल्टनमला लागून असलेल्या प्रेस्टबरी गावातला. चेल्टनम म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्यांचे, निवृत्त लष्करी साहेबांचे आणि घोड्यांच्या शर्यतींचे शहर. शर्यतीचे मैदान या प्रेस्टबरीच्याच अंगाला. विख्यात जॉकी फ्रेड आर्चर याचे बालपणही याच गावात गेले. पार्कर मात्र कष्टकरी घरातला मुलगा. १९०३ साली तो पहिल्यांदा काउंटीकडून उतरला आणि संघात स्थिरावायला त्याला आणखी काही वर्षे लागली.

तेव्हा तो फिरकी टाकतच नव्हता. डाव्या हाताने मध्यमगती मारा करायचा, बरा करायचा आणि बऱ्यापैकीच राहायचा. कारण ग्लॉस्टरशायरकडे डावखुरा फिरकीवाला आधीच होता, आणि साधासुधा नव्हता. जॉर्ज डेनेट त्याचे नाव. १९०७ साली ग्लॉस्टरच्या मैदानावर नॉर्थहॅम्प्टनशायरचा सबंध संघ १२ धावांत गारद झाला, त्यात डेनेटने ९ धावांत ८ बळी घेतले होते. कारकिर्दीत २,१०० हून जास्त बळी. कसोट्या शून्य. पार्करची एक तरी आहे म्हणायची! एका संघात एकाच जातीचे दोन गोलंदाज असले की धाकट्याने थोरल्याला पूरक असे काहीतरी करायचे, हा अलिखित नियम. पार्करने तो दहा-बारा वर्षे पाळला.

मग महायुद्ध आले आणि चार मोसम गिळून गेले. १९१९ मध्ये क्रिकेट पुन्हा सुरू झाले तेव्हा डेनेट हाताशी नव्हता. पार्करने वेग सोडला आणि मंद फिरकी धरली. वय होते ३६. या वयात बहुतेक गोलंदाज गुडघ्यांचा विचार करू लागतात. हा माणूस नवी विद्या शिकायला बसला.

त्यानंतरचे आकडे सरळ सांगितलेले बरे. १९२० ते १९३५ असे ओळीने सोळा मोसम, प्रत्येक मोसमात शंभराच्या वर बळी. त्यांतल्या पाच मोसमांत दोनशेच्या वर: १९२२ मध्ये २०६, १९२४ मध्ये २०४, १९२५ मध्ये २२२, १९२६ मध्ये २१३ आणि १९३१ मध्ये २१९. शेवटच्या आकड्याच्या वेळी तो ४८ वर्षांचा होता, आणि त्या वर्षी शंभरावा बळी त्याने १२ जूनलाच टिपला. इंग्लंडमध्ये तोवर उन्हाळा नीट सुरूही झालेला नसतो.

आकड्यांमागची कला समजायला खेळपट्टी समजून घ्यावी लागते. तेव्हा खेळपट्ट्या उघड्या असत. सामना चालू असताना पाऊस आला तर खेळपट्टी भिजू द्यायची, हाच नियम. भिजल्यावर नुसती ओली असेपर्यंत ती फलंदाजाला फारसा त्रास देत नाही, चेंडू घसरत, संथ येतो. गंमत ऊन पडल्यावर सुरू होते. वरचा थर सुकू लागतो, खाली चिखल मऊच असतो, आणि चेंडू त्या सालीत रुतून उसळतो. याला चिकट खेळपट्टी म्हणत. अशा जागी वेगवान गोलंदाज निम्म्याने वाया जातो, त्याचा पाय ठरत नाही. डावखुऱ्या फिरकीवाल्याचे मात्र राज्य. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायांच्या रोखाने येतो, टप्पा पडला की बाहेर, स्लिपकडे वळतो. खेळायला जावे तर बॅटची कड लागते, सोडावा तर यष्ट्या धोक्यात.

पार्करची फिरकी जोराची होती, उसळीही मिळायची, आणि स्लिपमध्ये उभा असायचा वॉल्टर हॅमंड. १९२८ मध्ये चेल्टनमला सरेविरुद्ध हॅमंडने दोन डावांत मिळून दहा झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूच्या नावावर हा जागतिक विक्रम आहे. त्यातले बरेच झेल पार्करच्या चेंडूवरचे होते. याच सामन्यात हॅमंडने दोन शतकेही ठोकली, त्यामुळे वर्तमानपत्रांत कुणाचे नाव मोठ्या अक्षरांत आले असेल हे सांगायला नको.

पार्करच्या वाट्याला हे नेहमीच आले. १९२४ चा मिडलसेक्सविरुद्धचा ब्रिस्टलचा सामना पाहा. ग्लॉस्टरशायर पहिल्या डावात ३१ धावांत आटोपले. ज्या संघाच्या धावा हाताच्या बोटांवर मोजता येतात, त्याने पुढच्या गाडीने घरी जावे. पार्करने मिडलसेक्सला ७४ वर रोखले, त्यात एक हॅट्ट्रिक. मग २१ वर्षांच्या हॅमंडने नाबाद १७४ काढल्या, ९ बाद २९४ वर डाव घोषित झाला आणि पार्करने दुसऱ्या डावात दुसरी हॅट्ट्रिक घेतली. ग्लॉस्टरशायर ६१ धावांनी जिंकले. आज हा सामना हॅमंडच्या चरित्रांत येतो, तरुण प्रतिभेचा पहिला स्फोट म्हणून. एका सामन्यात दोन हॅट्ट्रिक घेणाऱ्याचा उल्लेख त्याच परिच्छेदात, पण खालच्या बाजूला.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, ग्लॉस्टर शहरात एसेक्स भेटीला आले. मैदान रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याचे, कामगारांसाठी राखलेले. पार्करने पहिल्या डावात ४४ धावांत ९ आणि दुसऱ्या डावात १२ धावांत ८ गडी बाद केले. सामन्यात ५६ धावांत १७. समोरच्या संघाचे वीसपैकी तीनच बळी इतरांसाठी उरले.

तर असा हा गोलंदाज इंग्लंडच्या निवड समितीला दिसत नव्हता का? दिसत होता. १९२१ मध्ये वॉरविक आर्मस्ट्राँगच्या ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला असे झोडपले की निवड समितीने पाच कसोट्यांत मिळून तीस खेळाडू वापरले. ज्याचे नाव आठवेल त्याला बोलवायचे, असा सगळा कारभार. लॉर्ड्‌सला ग्लॉस्टरशायरचा सलामीवीर आल्फ डिपर खेळून गेला, आणि मॅंचेस्टरच्या चौथ्या कसोटीत ३८ वर्षांच्या पार्करची पाळी आली.

मॅंचेस्टर म्हटल्यावर पाऊस आलाच. पहिला दिवस पूर्ण वाया गेला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार लायोनेल टेनिसनने संध्याकाळी डाव घोषित केला. पहिला दिवस बुडाल्यामुळे सामना दोन दिवसांचा धरायचा, आणि दोन दिवसांच्या सामन्यात इतक्या उशिरा डाव सोडता येत नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या यष्टिरक्षकाने दाखवून दिले. वादावादी झाली, लोक ओरडू लागले, अखेर इंग्लंडला पुन्हा फलंदाजीला यावे लागले. या गोंधळाआधीचे षटक आर्मस्ट्राँगने टाकले होते, नंतरचेही त्यानेच टाकले, आणि सलग दोन षटके एकाच गोलंदाजाने टाकल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही. मग ऑस्ट्रेलियाच्या हर्बी कॉलिन्सने २८९ मिनिटे खेळून ४० धावा काढल्या. अशा सामन्यात पार्करने २८ षटके टाकली. त्यातली १६ निर्धाव. ३२ धावा, २ बळी. सामना अनिर्णित. पार्करला पुन्हा कसोटी मिळाली नाही.

पण त्याला खरा डंख बसला तो यानंतर पाच वर्षांनी.

१९२६, जुलै, लीड्स. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसरी कसोटी. पार्कर बारा जणांत आहे, मोसमात बळींचा पाऊस पाडून आलेला. खेळपट्टी ओली. कर्णधार आर्थर कार नाणेफेक जिंकतो आणि ऑस्ट्रेलियाला फलंदाजी देतो. खेळपट्टीचा फायदा उठवायचा असेल तर हे बरोबरच. पण त्याच श्वासात तो पार्करला वगळतो. ज्या खेळपट्टीसाठी समोरच्याला आधी खेळवले, त्या खेळपट्टीवरचा देशातला सर्वांत घातक गोलंदाज बारावा खेळाडू म्हणून बाहेर. पहिल्या चेंडूवर इंग्लंडच्या टेटने सलामीवीर बार्ड्‌सलीला बाद केले, सगळे शहाणे ठरल्यासारखे वाटले. मग चार्ली मॅकार्टनी आला. २ धावांवर त्याचा झेल स्लिपमध्ये सुटला. सोडणारा खुद्द कर्णधार. मॅकार्टनीने उपाहाराआधी शतक पूर्ण केले आणि १५१ वर थांबला. ऑस्ट्रेलिया ४९४.

याच मालिकेत शेवटच्या कसोटीसाठी ओव्हलवर निवड समितीने कुणाला बोलावले? ४८ वर्षांच्या विल्फ्रेड ऱ्होड्सला. डावखुरा फिरकी गोलंदाज. ऱ्होड्सने सामन्यात सहा बळी घेतले, इंग्लंडने ॲशेस परत मिळवली आणि ही निवड इतिहासातली सर्वांत चतुर निवड ठरली. तेव्हा ‘वयामुळे पार्करला घेतले नाही’ हे कारण कुणी सांगू नये. पार्कर ऱ्होड्सपेक्षा पाच वर्षांनी लहान होता.

निवड समितीचे अध्यक्ष होते पेल्हॅम वॉर्नर. लॉर्ड्‌सच्या वर्तुळातले, पुढे सर झालेले, इंग्लिश क्रिकेटचे जणू कुलोपाध्याय. आता ती लिफ्ट. ब्रिस्टलच्या एका हॉटेलात क्रिकेटचे जेवण होते. पार्कर आणि त्याचा सहकारी रेग सिनफिल्ड लिफ्टपाशी होते, तेवढ्यात लिफ्टवाल्याने वॉर्नरसाहेबांसाठी वाट करायला सांगितले. पार्करने साहेबांची कॉलर धरली. लीड्सचा सगळा हिशेब त्याने तिथे तोंडावर मांडला, आणि सिनफिल्डने मध्ये पडून त्याला आवरले. सिनफिल्डची ही आठवण डेव्हिड फूट या ब्रिस्टलकर क्रिकेटलेखकाने १९८५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली. या सिनफिल्डचीही मौज आहे. १९३८ मध्ये त्याला कसोटी मिळाली, त्याचा कसोटीतला पहिला बळी होता डॉन ब्रॅडमन, आणि तीच त्याची शेवटची कसोटी ठरली. डिपर एक, पार्कर एक, सिनफिल्ड एक. ग्लॉस्टरशायरच्या व्यावसायिकांना जणू शिधापत्रिकेवर कसोट्या मिळत होत्या.

लिफ्टची ही गोष्ट सांगायला बहारदार आहे, म्हणूनच तिच्यापासून थोडे सावध राहावे. लीड्सला पार्करला शेवटच्या क्षणी बाहेर ठेवले ते कर्णधार कारने. वॉर्नरच्या समितीने त्याला निदान बारांत तरी घेतले होते. शिवाय संघात यॉर्कशायरचा रॉय किलनर होता, तोही डावखुरा फिरकीवाला, आणि तो फलंदाजीही चांगली करी. पार्करची फलंदाजीची सरासरी ६३५ सामन्यांत दहाच्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या टणक खेळपट्ट्यांवर तो चालला असता का, याबद्दल शंका घेणाराही अडाणी ठरत नाही. हे सगळे मान्य करूनही शिल्लक उरतेच: चौदा-पंधरा वर्षांत, मायदेशातल्या ओल्या उन्हाळ्यांत, अशा माणसाला दुसरी संधी मिळू नये याचे क्रिकेटमधले कारण सापडत नाही. ते क्रिकेटबाहेर शोधावे लागते.

त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे हौशी, म्हणजे ‘जंटलमेन’, आणि पगारावर खेळणारे ‘प्लेअर्स’. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, अनेक मैदानांवर आत यायची फाटके वेगळी. छापील धावपत्रकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापायची, व्यावसायिकाची नंतर. हे इतके काटेकोर की १९५० मध्ये लॉर्ड्‌सवर तरुण फ्रेड टिटमसच्या नावात ही आद्याक्षरे चुकून पुढे छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. इंग्लंडचा कर्णधार हौशीच असायचा. १९२५ च्या जानेवारीत यॉर्कशायरचे अध्यक्ष लॉर्ड हॉक यांनी, इंग्लंडचे नेतृत्व कधी व्यावसायिकाकडे जाऊ नये अशी देवाकडे जाहीर प्रार्थनाच केली. निमित्त होते लँकेशायरचा गोलंदाज सेसिल पार्किन. त्याने आदल्या वर्षी वर्तमानपत्रात कर्णधारावर टीका केली होती, आणि त्यानंतर तो इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. वर्तमानपत्रातला एक लेख एवढा महाग पडत असेल, तर कॉलर धरण्याची किंमत काय असेल!

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला इथे पुण्याचे बाळू पालवणकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, पार्करहून वयाने थोरले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, आणि पुण्यात जातीमुळे त्यांचा चहा तंबूबाहेर वेगळ्या कपातून यायचा. वर्ग आणि जात एकच नव्हेत. पार्करला चहा आतच मिळे, फक्त दुसऱ्या खोलीत. पण चेंडू कुणाचा वळतो याच्या आधी चेंडू कुणाचा आहे हे पाहणारी नजर दोन्हीकडे ओळखीची वाटते. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांची गोष्ट मात्र निराळी. १२४ सामन्यांत ५८९ बळी घेऊन त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, कारण वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. शिवलकरांनी ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे गाणे गायले आणि त्यांच्याबाबतीत ते शोभलेही. पार्करच्या तोंडी ते शोभले नसते. त्याच्या वाटेत बेदी नव्हता, माणसे होती, आणि ती कोण हे त्याला माहीत होते.

शिवाय तो दैव मानणाऱ्यांतला नव्हताच. शाळा फारशी नसूनही तो वाचणारा होता, डाव्या विचारांचा होता, वरिष्ठांपुढे मान तुकवायची नाही अशा वळणाचा. फूट यांनी आपल्या पुस्तकात त्याला पार्किन आणि सॉमरसेटचा जॅक मॅकब्रायन यांच्या पंगतीला बसवले आहे. मॅकब्रायन हा एकमेव कसोटी खेळून त्यात ना फलंदाजी, ना गोलंदाजी, ना एखादा झेल मिळालेला गृहस्थ. सहकारी पार्करला भीत, तरुणांना तो फटकारी, झेल सोडणाऱ्याकडे रोखून पाही. हे सगळे खरे असावे. पण ज्या खेळात नोकरी दर मोसमाला नव्याने ठरे आणि झेल सुटला तर बेनिफिटच्या वर्गणीवर परिणाम होई, तिथे गोड स्वभाव ही श्रीमंतांना परवडणारी गोष्ट होती.

त्याला रागाचे उत्तर मैदानावर देण्याची एक संधी मिळाली. १९३० चा ऑगस्ट. ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया इंग्लंडला हरवून, ॲशेस जिंकून ब्रिस्टलला आला होता. ग्लॉस्टरशायरचा कर्णधार बेव्ह लायन हौशी असला तरी जुगारी वृत्तीचा, चैतन्य आणणारा. त्याच्या संघाचा पहिला डाव ७२ मध्ये संपला, ऑस्ट्रेलियाने १५७ केल्या. दुसऱ्या डावात हॅमंडने ८९ काढल्या, एकूण २०२ झाल्या. ऑस्ट्रेलियाला जिंकायला ११८ हव्या होत्या. एका टोकाने ऑफस्पिनर टॉम गोडार्ड, दुसऱ्या टोकाने ४७ वर्षांचा पार्कर. ब्रॅडमन १४ वर पार्करकडून त्रिफळाचीत. मधली फळी गेली. मग शेपूट चिवटपणे एकेक धाव जोडत राहिले. धावा बरोबरीत आल्या, शेवटची जोडी मैदानात, आणि षटकांमागून षटके एकही धाव निघेना. अखेर गोडार्डने हॉर्निब्रुकला पायचीत केले. ऑस्ट्रेलिया ११७. सामना बरोबरीत. पार्कर ५४ धावांत ७ बळी.

ग्लॉस्टरशायर त्या मोसमात अजिंक्यपदाच्या शर्यतीत दुसरे आले, पुढच्या वर्षीही दुसरेच. अधिकृत काउंटी अजिंक्यपद ग्लॉस्टरशायरला आजतागायत मिळालेले नाही.

१९३५ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, पुन्हा एकदा शंभर बळींचा टप्पा ओलांडून पार्कर थांबला. काही काळ त्याने पंचगिरी केली आणि पुढे सरे परगण्यातल्या क्रॅनली इथल्या शाळेत मुलांना क्रिकेट शिकवले. ज्या वर्गाने त्याला बाजूच्या फाटकाने आत घेतले, त्याच वर्गातल्या मुलांची ती शाळा. तिथेच, ११ जुलै १९५९ रोजी, तो वारला. हौशी आणि व्यावसायिक हा भेद क्रिकेटमधून रद्द झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ च्या मोसमाअखेर.